तुमचे पूर्वज कुठून आले?

परत येऊन तीन आठवडे झाले. राग निवला की लिहायला बसायचं असं ठरवलं होतं. तो काही निवत नाही, म्हणून आहे तशीच लिहायला बसलेय. बीडचा दुष्काळ टीव्हीवर बघून ज्यांचं मन भरलंय त्यांना यात नवीन काही मिळायचं नाही. भेगाळलेली जमीन, रांगेतल्या घागरी, सगळं तुम्ही पाहिलंय. मी गेले होते दुसऱ्याच कामाला.

मी कोल्हापूरकडची. चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. गावाच्या मागं नदी, पुढं साखर कारखाना. दूध सहकारी, बँक सहकारी, पिठाची गिरणीसुद्धा सहकारी. दिवाळी सरली की बीडचे ऊसतोड कामगार येतात आणि कारखान्याच्या अंगाला पाचटाच्या कोप्या घालतात. त्यातल्याच एका कोपीतली रेणुका. नऊ वर्षांची असताना वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहून नकाशा बघायची. आत ये म्हटलं, आली. पुढं दर हंगामाला येत राहिली आणि मी हट्टानं तिला शिकवत राहिले. तिची जात पारधी. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून जी कुजबूज झाली ती इथं लिहीत नाही, त्यातली दोन माणसं अजून देवपूजा करून पेन्शन खातात.

ही पोरगी वनरक्षकाच्या भरतीत निवडली गेली. पळण्यात पहिली, लेखीत चौथी. आता फक्त जातपडताळणीचा कागद हवा होता. तो अडला. अडला कशावर, तर तिचे पूर्वज कुठून आले यावर. फोनवर ते ऐकलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले.

परळी वैजनाथ

पहाटे परळीला उतरले. फलाटावरच्या बाकावर पाचच मिनिटं टेकले, उठले तर पातळाला राख. औष्णिक केंद्राची राख इथं दारात, डोळ्यात, चहाच्या बशीतही. चहावाल्याला म्हटलं, बशी धुतोस की नाही? तो म्हणाला, आत्ताच धुतलीय म्याडम, बघा अजून ओली हाय. खरंच ओली होती.

तिथनं एस.टी.नं बीड. आमच्याकडं उन्हाळ्यात नदी रोडावते. इथं नदी म्हणजे वाळूचा रस्ता, आणि त्यावरनं ट्रॅक्टर चाललेले. वाटेत सहा टँकर मोजले आणि सोडून दिलं.

पाली

बीडच्या स्टँडवर रेणुका न्यायला आली होती. पाली शहरापासनं जवळच, बिंदुसरा धरणाच्या अंगाला. धरणात तळाशी हिरवट डबकं आणि त्यात पाच-सहा म्हशी. वरच्या माळावर रेणुकाच्या लोकांची पालं. तिचे आईबाप अजून कर्नाटकात तोडीवर होते. घरी आजा एकटाच. लाला आजा, ऐंशीच्या पुढचा, काटक, कानात बाळी.

आमच्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग बाकीचं. इथं उलटं. आधी ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं पुढं आलं, पाणी सगळ्यात शेवटी. मला वाटलं टंचाईमुळं. रेणुका म्हणाली, तसं नाही बाई, आल्या आल्या पाणी मागणारा माणूस पोलिसाचा, असं आमच्यात जुन्या लोकांना वाटतं. ओळखीचा असला तर तो आधी जेवतो. मी मुकाट्यानं जेवले. माडगं चविष्ट होतं, लसूण सढळ हातानं घातलेला.

आता भानगड सांगते. आदिवासी असल्याचा दाखला नुसत्या कागदावर मिळत नाही. समितीचा एक माणूस घरी येतो आणि चाचणी घेतो. आप्तभाव चाचणी म्हणतात तिला. तुमचा देव कोणता, लग्न कसं लावता, घरात काय बोलता, तुमचे पूर्वज मूळचे कुठले, कुठून कुठं आले. उत्तरं जुन्या छापील माहितीशी जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर तुम्ही ते नव्हेच. मला कुणी असली परीक्षा घातली तर पणज्याच्या मागं मला काडी सांगता यायची नाही, मी पहिल्या प्रश्नाला नापास. पण मला कुणी विचारत नाही. ज्यांना कुठंच टिकू दिलं नाही त्यांनाच विचारतात, कुठून आलात ते क्रमानं सांगा.

समितीचा माणूस जीप घेऊन आला तेव्हा रेणुका घरी नव्हती. आजा होता. नाव काय? आजानं सांगितलं, रामा. राहणार कुठले? इथलेच. पूर्वज कुठून आले? कुठून न्हाई, हितंच उगवलो. घरात काय बोलता? मराठी. अंगठा दिला आणि जीप गेली. अहवालात आलं: नाव जुळत नाही, मूळ स्थान जुळत नाही, बोली जुळत नाही. आणि हे लोक पालात बसून आपसात बोलतात ते मी स्वतः ऐकलंय. आमच्या बाजारपेठेतल्या गुजराती कापडवाल्याच्या घरी बोलतात तसं कानाला लागतं.

एक शेवटची सुनावणी मिळाली होती, नवव्या दिवशी. आजाला बोलावलं होतं, आणि जुना, स्वातंत्र्याच्या आसपासचा एखादा कागद मागितला होता.

मी आजाला खूप बोलले. वयाचा मान ठेवला नाही. म्हटलं, नातीच्या तोंडातला घास तुम्ही स्वतःच्या हातानं काढलात. तो तंबाखू मळत धरणाकडं बघत राहिला.

मग रेणुकानं मला पालामागं नेलं आणि सगळं सांगितलं. यांच्यात मुक्कामाला गाव म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. ज्या ज्या पाण्यावर वाडवडील राहिले ती पाणी ओळीनं पाठ असतात, आजच्यापासनं मागं मागं, पार कुठल्या कुठं. देवीपुढं आजा ती सगळी मनातल्या मनात म्हणतो, ओठ न हलवता. मोठ्यानं आयुष्यात एकदाच म्हणायचं, ज्याला द्यायचं त्याला. म्हटलं की ते त्याचं झालं. देणाऱ्याकडं राहत नाही, तो परत म्हणत नाही. आणि परक्याला तर कधीच नाही. आजाच्या लहानपणी त्याच्या चुलत्यानं एका फौजदाराला पुढचं पाणी खरं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यावरची सगळी पालं बायकापोरांसकट चौकीत. जन्माला आलं पोर की गुन्हेगार, असला कायदा होता तेव्हा. तेव्हापासनं साहेब दिसला की जीभ आपोआप खोटं बोलते.

"त्यानं का म्हून सांगावं, बाई?" रेणुका म्हणाली. "सांगायचंच नसतंय ते."

ते पुढं कुणाला द्यायचं हा प्रश्न होताच. रेणुकाच्या बापाला आजा देणार होता, पण बाप वर्षातले सात महिने तोडीवर, आणि त्याला त्यात रसही नाही. मला काय करायचंय त्याचं, म्हणाला. रेणुकानं लहानपणी एकदा मागितलं होतं. पोरींना देत न्हाईत, पोरी दुसऱ्याच्या पाण्यावर जातात, असं म्हणून आजानं उडवून लावलं होतं.

मी शेवटी मास्तरीण. म्हटलं, तोंडानं म्हणायचं नाही ना, पायानं दाखवायला काय हरकत आहे? जिल्ह्यातली दोन-चार पाणी दाखवा, आम्ही तिथल्या दप्तरात कागद शोधतो. आजानं होय म्हणून मान हलवली.

उगवतीचं गाव

जुनं पाणी कुठं, असं विचारल्यावर आजानं उगवतीकडं बोट केलं. डोंगराच्या पल्याड, म्हणाला, तुमी व्हा फुडं. आम्ही दोघी निघालो. काळीपिवळीत अठरा माणसं आणि एक शेळी. शेळीनं माझ्या पिशवीतली केळी सालीसकट खाल्ली. उतरून कोस-दीड कोस चाललो. माझी चप्पल तुटली, ती रेणुकानं बाभळीच्या काट्यानं जोडली. गावात पारावर म्हातारे बसले होते. पारधी? हितं कवाच न्हवते, म्हणाले. आणि माझ्या शेजारी कोण उभंय ते कळल्यावर एकजण उठून आपली सायकल घरात ठेवून आला. माझ्या देखत.

संध्याकाळी परत आलो तर आजा भाकरी थापत होता. रेणुकाच्या चेहऱ्यावरनं मला कळलं, तिला आधीच शंका आलेली. पहिल्यांदा विचारणाऱ्याला तो वाट उलटी सांगतो. सवय आहे. मी पुन्हा भडकले. एक आख्खा दिवस फुकट गेला, आठ उरले, नोकरी कुणाची जाणार आहे? आजा शांतपणे म्हणाला, तुमी परत येता का जीप घिऊन येता, ते बघायचं हुतं. एकट्या आल्या. उद्या चला.

मी हात धुऊन भाकरी वाढायला घेतली.

पाटोदा

दुसऱ्या दिवशी तिघं पाटोद्याला. बाजाराचा दिवस, पण अर्धी जागा मोकळी. भाजीपेक्षा जनावरं जास्त, आणि जनावरांना गिऱ्हाईक नाही. एका हॉटेलात भजी मागवली. मालक कपाळाला भस्म लावलेला, बोलायला गोड. मला खुर्ची, रेणुकाला बाक, आणि आजाला म्हणाला, बाबा, तुमी भाईर सावलीत बसा, तिथं आणून देतो. आजा उठलासुद्धा. इतका सहज उठला की मला रडू आलं आणि मग संताप आला. मी सगळी भजी घेऊन बाहेर दगडावर जाऊन बसले. मालक मागं आला. म्याडम, गैरसमज करून घेऊ नका, गिऱ्हाईक बोलतं, आमाला काय न्हाई. यांचं सगळ्यांचं असंच. स्वतःला काही नसतं, गिऱ्हाईकाला असतं, गावाला असतं, देवाला असतं. विटाळ पाळणारा माणूस मला आजवर प्रत्यक्ष भेटलेला नाही, सगळे दुसऱ्यासाठी पाळतात.

तालुक्याच्या कचेरीत जुनं दप्तर मागितलं. निजामाच्या वेळचं सगळं उर्दूत, आणि बरंचसं वाळवीच्या पोटात. कारकून मात्र भला निघाला. आजानं कोणत्या अंगाला पाणी होतं ते हातानं दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, त्या डोंगराखाली एक जुनी सोसायटी हाय, निजामाच्या शेवटच्या वर्षातली. त्यांच्याकडं पयल्यापासनंच्या वह्या हायत. जाऊन बघा.

आजा माझ्याकडं न बघता म्हणाला, "तेच पाणी." एवढे दोनच शब्द त्यानं दिवसभरात आपणहून दिले.

सोसायटी

गावाचं नाव सांगत नाही, सोसायटीचंही नाही. अशा वस्तू जिल्ह्या-जिल्ह्यात असतात, एकीला नावं ठेवून बाकीच्यांना सोडायला नको. तिसऱ्या दिवशी तिथं पोचलो. डोंगराच्या पोटात तलाव. तलाव कोरडा, पण त्याच्या कुशीत दगडी बांधाची विहीर, आणि त्या विहिरीला एवढ्या दुष्काळात पाणी. वर पंप, पंपाला कुलूप, कुलपाशी माणूस. बाहेर चार टँकर नंबर लावून. आजा विहिरीच्या दिशेनं चालत गेला आणि काठावर उकिडवा बसला. विहीर मागनं बांधली, म्हणाला, आदी झरा हुता, वर उंबर हुता. त्याची आई त्या उंबराखाली बाळंत झाली होती. म्हणजे हा माणूस तिथं जन्मला होता.

राखणदारानं त्याला हटकलं. सभासद हाय का? सभासद नसल्यास काठावर बसता येत नाही, असा ठराव आहे म्हणे. आजानं पाणी मागितलंसुद्धा नव्हतं.

चेअरमन अंगणात भेटले. पांढरे कपडे, वागायला अतिशय अदबशीर. मी कोल्हापूरची म्हटल्यावर तर फारच. तुमच्याकडून तर सहकार शिकलो आमी, म्हणाले. चहा आला, तोही कपात. भिंतीवर सहकाराचं बोधवाक्य रंगवलेलं. त्यांनी स्वतः कपाट उघडायला सांगितलं, आणि करीमचाचा म्हणून त्यांचे जुने मुनशी, उर्दू वाचणारे, त्यांना बोलावलं. चाचांनी काळी पडलेली वही मांडीवर घेतली आणि बोटानं ओळ धरून वाचायला लागले. तासभर नुसती कर्जं, बी-बियाणं, बैलांची नावं. मला डुलकी यायला लागली होती.

मग चाचा थांबले. चष्मा पुसला.

"ये देखो बाई. लिखेले है: झऱ्यावरची पारधी लोकांची सात पालं उठवण्यात यावी. ये लोगां बाप-दादा के वक्तां से इधर च आते, उठाये तो फिर आते, इनकू दुसरी जगा मालूमच नहीं."

रेणुकानं माझा हात धरला. मला हसावं की ओरडावं कळेना. जो कागद तीन दिवस कुठं मिळत नव्हता तो इथं होता, आणि कुणी लिहून ठेवला होता, तर यांना हाकलणाऱ्यांनी. तक्रार करता करता लिहून गेले, बापजाद्यांपासून येतात. म्हणजे पुरावा हवा असेल तर आधी कुणीतरी तुम्हाला नीट ठराव करून हाकलून दिलेलं पाहिजे. गुपचूप हाकलले गेलात तर तुम्ही आदिवासी नाही.

मी म्हटलं, याची नक्कल द्या, सहीशिक्क्यासह. चेअरमन म्हणाले, देऊ की. का न्हाई द्यायची. पण त्यांचा आवाज जरा उतरला होता. त्यांनी आत जाऊन कुणाला तरी फोन केला आणि परत आले ते एक कोरा कागद घेऊन. बाई, तुमी सहकारातल्या, तुमाला कळंल, म्हणाले. उद्या ह्यांनी हा कागद दाखवून तलावावर हक्क सांगितला तर मी सभासदांना काय तोंड दाखवू? तवा एक छोटं लिहून द्या. मजकूर त्यांनीच सांगितला, त्यांच्या पोरानं लिहिला: सदर जागेशी व झऱ्याशी आमचा अथवा आमच्या पूर्वजांचा कधीही कसलाही संबंध नव्हता व नाही. खाली अंगठा. अंगठा दिला की लगेच नक्कल.

इथं मला माझीच लाज सांगायची आहे. मी मनात म्हटलं, देऊन टाका. जमीन कुठं मिळणार होती यांना? पोरीची नोकरी होतेय. सहा दिवस उरलेत. मी आजाला तसं म्हणालेसुद्धा, हळूच.

आजानं रेणुकाला कागद वाचायला लावला. एकदा, मग परत एकदा. मग शाईचा पॅड बाजूला सारला.

"माझं नाव मी खोटं सांगतो," तो म्हणाला. "लई जणास्नी सांगितलं, अजून सांगीन. बापाला हितं न्हवताच म्हणून अंगठा देणार न्हाई."

चेअरमन काही रागावले नाहीत. तसली माणसं रागवत नाहीत, त्यांना गरज नसते. बघा मग, तुमची मर्जी, म्हणाले, आणि वही कपाटात गेली. करीमचाचा मान खाली घालून बसले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांच्या पांढऱ्या कपड्यांपासून बोधवाक्यापर्यंत काही सोडलं नाही. आमच्या गावच्या सहकारालाही त्यात ओढलं, कारण तिथल्या कोप्यांत लाईट द्यायचा ठराव दर साली पुढं ढकलला जातो आणि माझा सख्खा भाऊ संचालक आहे. चेअरमन ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, बाई, चहा गार झाला.

परतीच्या एस.टी.त आजा खिडकीशी बसला होता. पाटोदा मागं पडल्यावर रेणुकाकडं न बघता म्हणाला, सायबाला सांगतो. तोंडानं. रेणुका म्हणाली, नगं आजा, मी दुसरी परीक्षा देईन. तो म्हणाला, कुटलीबी दिलीस तरी हेच विचारतील. पोरगी पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं ठेवून रडत राहिली. कागद मिळवायला आलेली मीच होते.

समिती

ऑफिस जिल्ह्याबाहेर, मोठ्या शहरात. सकाळी दहाची वेळ, बोलावलं तीन वाजता. आजा स्वच्छ धोतर नेसून आला होता आणि सकाळपासनं काही खाल्लं नव्हतं. द्यायच्या दिवशी उपास असतो, रेणुका म्हणाली. नातेवाइकाचा जबाब वेगळा घेतात, म्हणून आम्हा दोघींना बाहेर ठेवलं. मी शिपायाशी भांडून दाराच्या फटीपर्यंत पोचले. आत एक साहेब, एक टंकलेखक, आणि भिंतीएवढा पाण्याचा कूलर, त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा.

साहेबानं विचारलं, तुमचे पूर्वज कुठून आले?

आजा खुर्चीवरनं उतरून खाली फरशीवर बसला. टेबलावरचा साहेबाचा पाण्याचा पेला त्यानं मागून घेतला, पुढ्यात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणायला लागला. मला ओठ हलताना दिसत होते. शब्द एक कळत नव्हता, कूलर सगळं खात होता. मध्ये एकदा "तापी" ऐकल्यासारखं वाटलं, तेही खात्रीनं सांगत नाही. एकेका पाण्याला तो बोट बुडवून एक थेंब फरशीवर सोडत होता. साहेब सुरुवातीला बघत होता. मग त्याचा फोन वाजला. मग तो कुठली दुसरी फाईल चाळायला लागला. आजा थांबला नाही, घाई केली नाही. कितीतरी पाणी झाली, मी मोजायला घेतली आणि चुकले. त्याचा आवाज थोडा वर गेला, म्हणजे शेवट आला असावा, आणि साहेबानं हात वर करून म्हटलं, बस बस, म्हणजे गुजरातकडून ना? आजानं डोळे उघडले. तो होय म्हणाला की नाही ते दिसलं नाही. टंकलेखकाची बोटं चालली.

बाहेर आला तेव्हा तो एकदम म्हातारा दिसत होता. रेणुकानं त्याला केळं सोलून दिलं. मी आत जाऊन जबाबाची नक्कल मागितली, फी भरली, तिथंच उभ्यानं वाचली. रेणुका माझ्या खांद्यावरनं वाचत होती. सगळा जबाब पाऊण पान. त्या प्रश्नापुढं एवढंच होतं: मूळ स्थान गुजरात. जुळते.

पुन्हा पाली

नक्कल मिळाली आणि चारच दिवसांत दाखलाही मिळाला, वैध म्हणून. जुना कागद कुणी परत विचारलाच नाही. नाव बरोबर, जात बरोबर, शिक्का गोल. रेणुका पुढच्या महिन्यात हजर होईल. तिला मी शाबासकी दिली, पेढे वाटले, पालातल्या पोरांनी खाल्ले. माझं काम झालं होतं. संध्याकाळची गाडी होती.

निघायच्या आधी आम्ही तिघं पालाबाहेर बसलो होतो. रेणुकानं दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवला होता. ती अचानक म्हणाली, आजा, आता मला दे. सायबाला दिलंस ते मला दे. मी कुठल्याबी पाण्यावर गेले तरी इसरणार न्हाई.

आजानं तिच्या मांडीवरच्या पिशवीला हात लावला.

"तुलाच देणार हुतो," तो म्हणाला. "दिवाळीपासनं मनात हुतं. आता ते सायबाचं झालं. मला म्हणता येत न्हाई." मग तिची समजूत काढावी तसं म्हणाला, "तिथं लिवून घेतलंय ना त्यानी. नोकरी लागली की जा आणि वाचून घे."

रेणुका माझ्याकडं बघायला लागली. आजाला वाचता येत नाही. जबाबात काय लिहिलंय ते आम्ही दोघींनी त्याला सांगितलं नाही.